सणसरच्या विहिरीचं पाणी

झाडं हा बायकोचा प्रांत. मी फक्त त्यांना अडखळायचो आणि कुरकुरायचो. बारामतीतल्या आमच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये ऊन जेमतेम येतं, म्हणून नर्सरीवाल्याने तिला ड्रॅसिनाचं झाड दिलं. सरळ खोड, त्यावर पेरांसारख्या खुणा, वर लांब पानांचा झुबका. तिचे वडील, म्हणजे मामा, सणसरहून आले तेव्हा ते पाहून म्हणाले होते की रानात एवढा ऊस असताना पोरीला घरात आणखी एक लावायची हौस आली. तेव्हापासून आमच्याकडे त्या झाडाचं नाव ऊस पडलं.

ती त्याला फार बेतानं पाणी घालायची. आधी मातीत बोट खुपसून बघायची. आत ओल लागली तर नुसती पानं पुसायची. पाणीसुद्धा फिल्टरचं. मला नळाचं चालतं आणि याचे एवढे लाड, असं मी म्हणायचो. तुम्हाला तोंड आहे, त्याला नाही, असं तिचं उत्तर ठरलेलं.

या पावसाळ्याच्या तोंडाला ती गेली. ताप अंगावर काढला, शेवटी दवाखान्यात नेलं आणि ती परत आली नाही. याहून जास्त मला लिहिता येत नाही.

तेराव्यानंतर माणसं पांगली. मामा तेवढे दर बाजाराच्या दिवशी येत राहिले. एसटीनं यायचे, हातात तेलाचा धुतलेला प्लॅस्टिकचा कॅन. त्यात घरच्या विहिरीचं पाणी. चपला दारात काढून थेट कुंडीपाशी बसायचे आणि कॅन सावकाश रिकामा करायचे. पहिल्या वेळी त्यांनी सांगितलं, "ह्याच पाण्यावर वाढली ती. हे बी वाढंल."

मग आम्ही चहा प्यायचो. तिच्याविषयी बोलायचो नाही. पाऊस, रान, त्यांचे गुडघे, माझा रक्तदाब. एरवी आठवडाभर त्या घरात माझ्या तोंडून शब्द निघत नव्हता. बाजाराच्या दिवशी मात्र मी केर काढायचो, दूध जास्त घ्यायचो आणि खिडकीतून रस्त्याकडे बघत बसायचो. ते येत होते म्हणून मी उठत होतो, हे सरळ सांगतो.

पण ती विहीर मचूळ झाली आहे. घरचेसुद्धा प्यायला जार आणतात. त्यात मामांचा जन्म कालव्याच्या पाळीची वाट बघण्यात गेलेला. पाणी आलं की रान भिजवून घ्यायचं, पुढचं कधी येईल त्याचा भरवसा नाही. कोरडी माती दिसली की त्यांचा जीव खालीवर होतो. कुंडीला निचरा लागतो, हे त्यांच्या हाताला कधी ठाऊकच नव्हतं.

पानांची टोकं करपली. खालची पानं पिवळी होऊन गळाली. कुंडीला कुबट वास यायला लागला. तिच्यासारखं बोट खुपसलं तर आत चिखल. मला झाडाचाच राग आला. मेल्या, एवढं तरी पचव, असं मी त्याला मोठ्यानं म्हणालो.

खोड बुडाशी मऊ लागलं तेव्हा मात्र बोलावं लागलं.

"मामा, याला पाणी जास्त होतंय. आणि विहिरीचं त्याला सोसत नाही."

त्यांचा हात थांबला. कॅन अर्धा भरलेला होता.

"मग मी हितं येऊन करू काय?"

मी चहा टाकतो म्हणून स्वयंपाकघरात गेलो आणि गॅस न पेटवताच ओट्याशी रडत उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी मी वरचा हिरवा शेंडा कापून बरणीत, फिल्टरच्या पाण्यात ठेवला. बरणी बेडरूमच्या खिडकीत. मेलेलं खोड हॉलमध्ये तसंच राहू दिलं. त्यांनी त्याला खुशाल पाणी घालावं, पण येत राहावं, एवढाच माझा विचार होता.

पुढच्या बाजाराला ते आले. कॅनही आणला होता. कुंडीपाशी बसून त्यांनी खोड अंगठ्यानं दाबून पाहिलं.

"उसात जन्म गेला माझा, पाव्हणं. मेलेलं पेर कळंना व्हय मला?"

मग शेंडा कुठं आहे ते विचारलं. मी बरणी आणून दिली. पानांवरून त्यांनी हात फिरवला, अगदी डोक्यावरून फिरवावा तसा. दुसरा हात सवयीनं कॅनकडे गेला आणि मध्येच मागं आला. त्यांनी पायानं कॅन खुर्चीखाली सारला.

"ह्याला तुमीच घाला. माझं पाणी नगं."

जाताना त्यांनी कॅन मोरीत ओतला. भरलेला कॅन एसटीतून परत नेणं अवघड होतं.

त्यानंतरच्या बाजाराला मामा आले नाहीत. त्याच्या पुढच्यालाही नाहीत. मी दूध आणून ठेवत होतो, ते नासत होतं.

मग एका सकाळी बरणीत पांढरी मुळं दिसली. मी लगेच त्यांना फोन लावला. मुळं फुटली म्हणून सांगितलं. ते म्हणाले, "जपा त्याला." कधी येताय, मी विचारलं. उसाची तोड सुरू झालीय, टोळी रानात हाय, आता हालता येत न्हाय, असं ते म्हणाले.

मी बरं म्हणालो आणि फोन ठेवला. दसराही झाला नव्हता. ज्याच्यासाठी ऊस तोडतात तो साखर कारखाना सुरू व्हायला अजून महिना तरी होता.