चार बोटं आखूड
नानाकाकांच्या घरात साबणाची नवी वडी एकटी कधी वापरली जात नसे. जुनीचा उरलेला पापुद्रा तिच्या पाठीवर चिकटवायचा, मगच अंगाला लावायची. पेन्सिल बोटांत धरता येईनाशी झाली की काका ती बांबूच्या नळीत खोचत. आमचे पूर्वज दरबारच्या कोठारावर होते, त्यामुळे हा चिक्कूपणा आमच्याकडे इमान म्हणून ओळखला जाई. “मोडल्याशिवाय मागायचं नाही,” काका म्हणत. “सरकारी माल आहे, खैरात नाही.”

मध्य भारत राज्य असतानाचे ते दिवस. काका उज्जैनला पाटबंधारे खात्यात इंजिनिअर होते आणि त्यांच्या दिमतीला लिलावातली लष्करी जीप होती. पावसाळ्यात काळ्या मातीच्या चाकोऱ्यांत तिचं पोट टेकायचं. चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे मोडले तेव्हा काकांनी उंच कमानीचे नवे पाटे बसवून घेतले आणि जीप चांगली उचलली गेली. पाटे मोडलेच होते, तेव्हा मागायला हरकत नव्हती.

शॉक अॅब्सॉर्बर मात्र जुनेच राहिले. पाटा गाडीला झेलतो, शॉक अॅब्सॉर्बर तिचं उसळणं आवरतो. चाक खड्ड्यात लोंबलं की पाट्याइतकंच त्यालाही ताणता आलं पाहिजे. हे मला काकांनीच अंगणात जीपखाली वाकायला लावून शिकवलं होतं. मी तेव्हा कॉलेजात होते. जुने चार बोटं आखूड पडताहेत, असं ते कौतुकाने मोजून दाखवत होते. मग लांब मागवा ना, मी म्हटलं.

“कुठे मोडलेत?” काका म्हणाले.

ड्रायव्हर भेरूलालनेही गाडी ठोकर मारते म्हणून सांगून पाहिलं. त्याला हळू चालवायचा हुकूम मिळाला.

एका नाल्यात चाक खाली गेलं. शॉक अॅब्सॉर्बर पुरता ताणला गेला, पाटा अजून खाली जाऊ बघत होता. त्या ओढाताणीत शॉक अॅब्सॉर्बरचा बोल्ट तुटला. पुढच्याच वळणावर जीप उसळत सुटली आणि आडवी झाली. काकांना खरचटलं. भेरूलालचा हात मोडला.

राज्याचं विलीनीकरण जवळ आलं होतं. नव्या राज्यात कोण कुठल्या हुद्द्यावर जाणार हे ठरत होतं, आणि काकांचं नाव वरच्या जागेसाठी होतं. चौकशीला आलेल्या साहेबांनी विचारलं तेव्हा भेरूलालने पुढे होऊन सांगून टाकलं, गाडीत काही खोट नव्हती, माझाच पाय जोरात पडला. नोकरी त्याला काकांनी लावली होती. काका शेजारीच उभे होते. ते गप्प राहिले. मला काकांचा राग येतो तो इथे; मोजमाप चुकलं असतं तर मी केव्हाच विसरले असते.

भेरूलाल घरी बसला. तो प्यायलेला होता अशी आवई उठली आणि त्याच्या मुलीची सगाई मोडली. हे कानावर आलं तेव्हा काका जेवत होते. पानावरून उठले, तसेच वरच्या साहेबांच्या बंगल्यावर गेले आणि सगळं सांगून आले. वरची जागा गेली. भेरूलाल कामावर परत घेतला गेला.

मग काका भैरवगढला त्याच्या घरी निघाले. एकट्याने जायचा धीर नव्हता, म्हणून मला बरोबर घेतलं. भेरूलालने गडबडीने खुर्ची पुसली.

“भेरूलाल, मैंने बता दिया है. ग़लती मेरी थी,” काका म्हणाले.

“आप ने अब बोल्यो, साब,” भेरूलाल हळूच म्हणाला. “म्हने तो उणी दिन बोल दियो थो. छोरी का सासरा वाला ने वा ही बात मानी.”

मुलीच्या सासरच्यांनी त्याचं त्या दिवशीचं बोलणंच खरं धरलं होतं; सगाई मोडली ती मोडलीच. त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. मुलगी आत होती, ती बाहेर आली नाही. आम्हाला चहा मिळाला, काकांच्या कपात दूध जास्त होतं.

परतताना टांगा टॉवर चौकात आला तेव्हा काका एकदम बोलले. “एक शब्द वाकडा बोलला नाही गं तो. अजून मला साबच म्हणतो.” एवढं बोलून ते भर बाजारात तोंड झाकून रडायला लागले. ओळखीची माणसं नमस्कार करत होती. त्यांचे नमस्कार मीच घेत राहिले.