जेवल्याबिगर बडीशेप

बाबा गेल्यापासून आईची जेवणावरची वासनाच उडाली होती. हवापालट म्हणून मी तिला नागपूरहून थेट स्पेनला नेलं. तिथलं एक जुनं दगडी गाव बडीशेपेच्या दारूसाठी प्रसिद्ध होतं. दुकानातल्या म्हातारीनं पेला पुढे केला, तशी आईनं हात जोडले. म्हातारी हसली आणि तिनं आईच्या तळहातावर चिमूटभर बडीशेप ठेवली.

"अवं बाई, जेवल्याबिगर कोणी बडीशेप खाते का?" आईनं हातानं घासाची खूण केली.

म्हातारी आत गेली, पाव आणि बटाट्याचा गरम रस्सा घेऊन आली. आई खाईपर्यंत समोर बसून पावाचे तुकडे मोडून देत राहिली. आईनं वाटी पुसून खाल्ली. मग मुठीतली बडीशेप तोंडात टाकत मला म्हणाली, "आज जेवल्यावानी वाटून राहिलं गा."