नानांचा तीनचा शोध

जळगावच्या एका रक्तपेढीचा सर्व्हर मी सांभाळतो. मे महिन्यात तो रोज दुपारी तीनला मान टाकायला लागला. बाहेर उन्हात रस्त्यावर कुत्रं दिसत नसायचं, आणि आत एकच प्रोसेस मेमरी गिळत फुगत जायची. शेवटी अख्खा डेटाबेस बंद. मग दहा मिनिटं कुठे कोणती पिशवी शिल्लक आहे, हे एकाही शाखेला कळायचं नाही.

प्रोसेस कोणाची ते पाहिलं आणि अंगावर काटाच आला. चोपडा शाखेत नोंदी सांभाळणाऱ्या नानांच्या खात्याची. नाना तर हिवाळ्यातच वारले होते.

त्यांच्या जागी आता त्यांची मुलगी काम करते. तिला फोन लावला. रोज सकाळी नानांच्या फोटोला उदबत्ती लावते आणि त्यांचा कॉम्प्युटर सुरू करून ठेवते, एवढंच ती म्हणाली. मी खेकसलो, तो आधी बंद कर. बिचारीने प्लगच काढला. दुसऱ्या दिवशी तीनला नाना पुन्हा हजर.

खोटं कशाला बोलू, मी खुर्ची मागे सरकवली. मग खोदत गेल्यावर उलगडा झाला. नानांनी आपोआप चालणारं एक काम थेट सर्व्हरवरच लावून ठेवलं होतं. रोज तीनला सगळ्या शाखांचे, सगळ्या वर्षांचे रक्तदाते एकदम मेमरीत ओढायचे आणि त्यांतून एकच दुर्मिळ रक्तगट शोधायचा. नोंदी वाढत गेल्या, यंदा सर्व्हरला पेलेना.

"तो मना गट शे, भाऊ," नानांची मुलगी फोनवर हळूच म्हणाली. म्हणजे नाना लेकीच्याच रक्तगटाचा दाता शोधत होते.

हाच शोध थोडा थोडा करून चालवता आला असता. दोन तासांचं काम. पण उन्हाने आणि फोनांनी माझं डोकं उठलं होतं. मी नानांच्या खात्याला मेमरीची मर्यादा घातली. ती ओलांडली की तेवढाच शोध मरणार, बाकी डेटाबेस शाबूत. सर्व्हर शांत झाला. लॉगमध्ये रोज तीनला एक ओळ उमटायची : मर्यादा ओलांडली, थांबवले. पुढे मी ती वाचणंही सोडलं.

श्रावणात तिचा फोन आला. बाळंतपण आठ दिवसांवर आलंय, डॉक्टर रक्ताची सोय करून ठेवा म्हणतायत. मला स्वतःची लाज वाटली. बसलो आणि नानांचा शोध तुकड्यातुकड्यांनी चालेल असा लिहून काढला.

एकच नाव आलं. नरडाण्याचा एक कामगार. नोंदीची तारीख पाहिली. मी मर्यादा घातली, त्यानंतरचा तिसरा दिवस.

माणूस आला, रक्त मिळालं, मायलेकी सुखरूप आहेत. नानांचं जुनं काम मी पुसून टाकलंय, तरी तीन वाजले की हात लॉगकडे जातोच. ती म्हणते, भाऊ, तुम्ही शोधून दिलं. नाना रोज दुपारी ते नाव घ्यायला येत होते आणि मी त्यांना दारातूनच परत पाठवत होतो, हे तिला अजून सांगितलेलं नाही.