थोरात सर आणि पढवलेला पाठ

माझ्या नातवंडांनो, ओवी आणि निहार, ओवी आता शिक्षिका होण्याचे शिक्षण घेऊ लागली आहे, म्हणून तुम्हाला थोरात सरांविषयी लिहिते.

नव्वदच्या दशकात मी बी.एड.च्या विद्यार्थ्यांना विज्ञान कसे शिकवावे ते सांगत असे. सराव पाठांसाठी त्यांना जुन्नर तालुक्यातल्या एका शाळेत पाठवी. तिथले शिक्षक थोरात सर त्यांचे मार्गदर्शक. पाठ चालू असताना ते फळ्याकडे पाठ फिरवून, मुलांकडे तोंड करून बसत. पाठ घेणाऱ्या विद्यार्थिनीला म्हणत, "ताई, फळा मी रोजच बघतो. तुमचं बोलणं पोरांपतोर पोचतंय का, तेवढं बघू द्या."

'समजलं का?' या प्रश्नाला त्यांच्या वर्गात बंदी होती. "पावण्याला जेवलात का विचारलं, तर उपाशी असला तरी हो म्हणतो. पोरांचं तसंच व्हतं."

आंबेगावच्या डोंगराकडची माझी विद्यार्थिनी सुशीला या बोलण्याने धास्तावली होती. तिचे आधीचे पाठ फसले होते. परीक्षेचा पाठही फसला, तर वडील शिक्षण थांबवून तिला घरी नेणार होते. म्हणून तिने पुष्कळ जण करतात तेच केले: आदल्या दिवशी सातवीच्या वर्गाला प्रयोग आणि उत्तरे, सगळे पढवून ठेवले.

परीक्षक मी होते. सुशीलाने पाण्याने भरलेल्या पेल्यावर पुठ्ठा ठेवून पेला उलटा धरला. पुठ्ठा निसटला आणि पाणी टेबलभर झाले. त्याच क्षणी एक मुलगी शहाण्यासारखी उठून म्हणाली, "हवेच्या दाबामुळं पुठ्ठा पडत नाही, बाई."

सुशीलाने रडवेल्या चेहऱ्याने सरांकडे पाहिले. सर मुलांकडे पाहत होते. मग तीही मुलांकडे वळली. "पण पडला की. का पडला असंल?"

मागून आवाज आला, "बाई, कालपासनं भिजून त्यो लई मऊ झालाय."

वर्ग हसला, सुशीलाही हसली. "मग आता काय करू या?"

कुणी कोरडा पुठ्ठा आणला, कुणी पेला अर्धाच भरायला सांगितला. उरलेला तास मुलांनीच चालवला.

बाहेर आल्यावर सर मला म्हणाले, "मॅडम, पहिलं नाटक व्हतं, ते सोडा. पाठ त्याच्या फुडं सुरू झाला."

मी तेवढाच पाठ तपासला. सुशीला उत्तीर्ण झाली.

सर निवृत्त झाले आणि काही वर्षांनी शांतपणे गेले. सुशीला तिच्याच डोंगरातल्या शाळेत विज्ञान शिकवते. तिच्या वर्गात आजही प्रयोग फसला की मुले आधी 'का' विचारतात.