सांडोरकरांचा दुसरा रविवार

भालचंद्र चुरींना सांडोरमध्ये कोणी चुरीसाहेब म्हणत नाही. गावाला ते भालूदादा. वसई स्टेशनजवळच्या 'सुरंगी' थिएटरचे ते मॅनेजर, म्हणजे गावाच्या लेखी फुकट पास मागायचं हक्काचं ठिकाण. वाडवडील केळीच्या वाडीत राबले, थोरला भाऊ अजून राबतो. भालचंद्र मात्र विशीत सुरंगीत बॅटरी घेऊन लोकांना अंधारात खुर्च्या दाखवायला लागले आणि तिथेच चिकटले. पुढे तिकीट खिडकी आली, मग मॅनेजरची केबिन आली. दरम्यान मालकाने बाल्कनी पाडून एका थिएटरची दोन केली, ती अंधेरीच्या एका कंपनीला चालवायला दिली आणि कुठला सिनेमा किती वाजता लावायचा हे ठरवण्याचं काम वसईतून अंधेरीला गेलं. भालचंद्रांच्या वाट्याला उरल्या त्या बंद पडणाऱ्या एसीच्या आणि तुंबणाऱ्या संडासाच्या तक्रारी.

तेही त्यांनी फारसं मनाला लावून घेतलं नसतं. त्यांना लागायचं ते वेगळंच. सुरंगीत सगळ्यांचे सिनेमे चालायचे. तेलुगू सिनेमा हिंदीत बोलत यायचा आणि जवळच्या आचोळे गावची पोरं बाइकवर ट्रिपल सीट येऊन शिट्ट्या मारायची. कन्नड हिरोचे संवाद रिक्षावाल्यांना पाठ असायचे. मल्याळम सिनेमाचा एखादाच शो लागायचा, पण आसपासच्या हॉस्पिटलांतल्या नर्स आणि त्यांचे नवरे तो पहिल्याच शनिवारी भरून टाकायचे. गुजरात्यांचं तर विचारूच नका. त्यांची मंडळं सिनेमा लागायच्या आधीच अख्खा शो बुक करून मोकळी. आणि मराठी? मराठी सिनेमा फार चांगला आहे असं भालचंद्रांना प्रत्येक जण सांगायचा, पण तो पाहून आलेला माणूस काही भेटायचा नाही. मोबाइलवर येईल की महिन्याभरात, असं म्हणून लोक बिनधास्त थांबायचे. लोकांना शिव्या घालाव्यात तर लोक म्हणजे आपलेच, शेजारपाजारचे. ही चीड नेऊन टाकायची कुठे?

यंदा एक मराठी सिनेमा आला. खानावळ चालवणाऱ्या मायलेकींची साधीच गोष्ट होती, पण पहिल्या शोआधी सिनेमा लावून तपासतात त्या ट्रायलच्या वेळी भालचंद्र पहिल्यांदाच शेवटपर्यंत उभे राहिले आणि डोळे पुसत बाहेर आले. त्यांनी अंधेरीला फोन लावला. तिथे धवल नावाचा तिशीतला गुजराती मुलगा शो ठरवायचा. मुलगा सभ्य होता, म्हणून त्याच्यावर ओरडताही येत नसे.

"चुरीसाहेब, मराठीला सकाळी पावणेदहा आणि दुपारी तीन," धवल म्हणाला. "संध्याकाळी तेलुगू."

"अरे, पावणेदहाला नोकरीवाला मुंबईत पोचलेला असतो आणि वाडीवाला वाडीत असतो. सिनेमाला कोण येणार? मला संध्याकाळ पाहिजे."

"संध्याकाळी तरी कोण येतं, साहेब?"

"माझं गाव येईल," भालचंद्र बोलून गेले.

धवल म्हणाला, "ठीक आहे. एक आठवडा संध्याकाळचा शो तुमचा. बुधवारपर्यंत रोज अर्धं थिएटर भरलं, तर दुसरा आठवडा ठेवतो. आणि यापुढे सुरंगीत प्रत्येक मराठी सिनेमाला संध्याकाळ. नाही भरलं, तर मला पुन्हा मराठीचं काही सांगायचं नाही. चालेल?"

भालचंद्र चालेल म्हणाले. पंधरा वर्षांत अंधेरीने त्यांचं पहिल्यांदाच काही ऐकलं होतं.

त्याच संध्याकाळी त्यांनी गावभर सांगितलं. त्यांची बायको विमला महिला मंडळाची अध्यक्ष. ती म्हणाली, "तुम्ही नका हो काळजी करू. अख्खं गाव आणते की नाही बघा." विमलाने एखादी गोष्ट मनावर घेतली की ती होते, हा तीस वर्षांच्या संसाराचा अनुभव. भालचंद्र निर्धास्त झाले, आणि इथेच फसले.

शुक्रवारी संध्याकाळी थिएटरात मोजकी टाळकी होती. शनिवारी त्याहून थोडी जास्त. रविवारी भालचंद्र इस्त्रीचा शर्ट घालून सुरंगीच्या पायऱ्यांवर उभे राहिले. समोरून गर्दी आली आणि सगळी शेजारच्या तेलुगू सिनेमात शिरली. सांडोरचं एक चिटपाखरू फिरकलं नाही.

सोमवारी चहाच्या वेळी त्यांनी विषय काढला. "काय झालं तुमच्या मंडळाचं?"

"अहो, काल चौधऱ्यांकडचं लग्न नव्हतं का?" विमला म्हणाली. "सगळी तिकडेच होती. पण ठरलंय आता. पुढच्या रविवारी. केळीचे दोन टेम्पो सांगितलेत. शंभरावर माणसं होतायत. प्रिस्काकडची पण सगळी येतायत."

"पुढच्या रविवारी सिनेमा असेल तर ना!"

"का नसेल? मॅनेजर तुम्हीच ना तिथले?"

भालचंद्रांनी कप खाली ठेवला. बुधवारपर्यंत माणसं दिसली नाहीत तर शुक्रवारी सिनेमा उतरतो, हे त्यांनी तिला समजावून सांगितलं. विमलाने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "त्यांना सांगा ना, आमची माणसं येणार आहेत म्हणून." जणू काही अंधेरीची कंपनी म्हणजे पंक्तीला खोळंबलेला आचारी.

मग ते स्वतःच निघाले. शेजारची प्रिस्का वाडीत भाजीला पाणी देत होती. तिला म्हणाले, "उद्या संध्याकाळी तुम्ही चौघीपाचजणी तरी चला. रोज थोडी थोडी माणसं आली तरी माझं काम होईल."

प्रिस्काने पाइप बाजूला टाकला. "भालूदादा, येणार म्हणजे येणार. पण आम्ही पुढे कशा जाऊ रे? आमच्याआधी बघून आल्या म्हणून बाकीच्या तोंड फुगवतील. आणि त्यांनी विचारलं तर गोष्ट सांगावी लागेल. मग रविवारी कोण कशाला येईल?"

पुढच्या घरी हेच, त्याच्या पुढच्या घरीही हेच. नाटक असो, जत्रा असो, कोणाच्या बारशाला जायचं असो, सांडोरचा माणूस एकटा निघत नाही. सगळे निघतात तेव्हा तो निघतो. ज्या सवयीचं भालचंद्रांनी पाहुण्यांपुढे जन्मभर कौतुक केलं, तीच आता त्यांच्या मुळावर आली होती. नाही कोणीच म्हणत नव्हतं, हे सर्वांत वाईट. चार जणांनी तोंडावर नाही म्हटलं असतं तर भांडता तरी आलं असतं. इथे जो तो पाठीवर हात ठेवून सांगत होता, "भालूदादा, रविवारी थिएटर कमी पडेल बघ तुझं."

बुधवारी त्यांनी धवलला फोन केला. "रविवारपर्यंत ठेव. शंभरावर माणसं येतायत."

"बुकिंगमध्ये दिसत नाहीत, साहेब."

"दिसतील कशी? पुढच्या आठवड्याचं बुकिंग तू उघडलंच नाहीस."

"सिनेमा राहणार असेल तर उघडतो ना."

"आणि बुकिंग झालं तर सिनेमा राहणार."

"हो," धवल शांतपणे म्हणाला. भालचंद्रांना तो फोन भिंतीवर आपटावासा वाटला. फोन स्वतःचा होता, म्हणून आपटला नाही.

शुक्रवारी मायलेकींचं पोस्टर उतरलं. दोन्ही पडद्यांवर संध्याकाळी तेलुगू सिनेमा लागला. बातमी गावात पोचली तशी सांडोर खवळलं. मराठीवर अन्याय झाला म्हणून गावाच्या ग्रुपवर लांबलचक मेसेज फिरले, कोणी निवेदन द्यायचं म्हणालं, विमलाने कंपनीच्या नावाने बोटं मोडली. रविवार आता रद्द झाला, एवढं एकच भालचंद्रांना बरं वाटत होतं.

रविवारी पाच वाजता दोन टेम्पो सुरंगीसमोर येऊन थांबले. मागून रिक्षा होत्या. बायका सजून आल्या होत्या, म्हाताऱ्यांना हात धरून उतरवत होत्या. सगळ्यांच्या पुढे विमला.

"अहो, टेम्पो सांगून ठेवलेले," ती म्हणाली. "माणसं तयार होऊन बसलेली. आता त्यांना नाही कसं म्हणायचं? आलोच आहोत तर हा दुसरा बघतो."

भालचंद्रांना ओरडायचं होतं. दोन दिवस मी तुमच्या दारोदार फिरलो, असं पायरीवर उभं राहून सगळ्यांना सुनवायचं होतं. पण टेम्पोतून उतरणाऱ्या एका म्हातारीने प्रेमाने त्यांच्या गालावरून हात फिरवला आणि ते बाजूला सरले. अख्खं सांडोर त्यांच्यासमोरून आत गेलं. उरलेल्या खुर्च्या आचोळ्याच्या पोरांनी भरल्या. हाऊसफुल्लचा बोर्ड लावायला त्यांनी शिपायाला सांगितलं.

मध्यंतरात विमला केबिनमध्ये डोकावली. तिचे डोळे ओले होते. "काय मारामारी आहे हो! पण आईचं काम फार छान केलंय. तुम्ही पण या ना आत."

"तू जा," ते म्हणाले.

ती गेली आणि फोन वाजला. अंधेरीहून धवल होता. त्याच्या आवाजात खरोखरचा आनंद होता, आणि तोच भालचंद्रांना सोसवेना.

"चुरीसाहेब, मानलं तुम्हाला. तुम्ही म्हणालात गाव येईल, आणि गाव आलं. इथे बुकिंगच्या स्क्रीनवर सगळं लाल झालंय, एक खुर्ची शिल्लक नाही. आजचा आपल्या सगळ्या थिएटरांतला नंबर एकचा शो." मग तो जरा अडखळला. "पण बघा ना, काय बघायला आलं. तिकडच्या लोकांना काय चालतं ते आता आम्हाला पक्कं कळलं. बरं, पुढच्या महिन्यात अजून एक मराठी आहे. मराठीचं पुन्हा काढायचं नाही असं आपलं ठरलं होतं, तरी विचारतो, कारण तुम्ही माणूस शब्दाचे. तुम्हीच सांगा, कुठला शो देऊ?"

आत सांडोरच्या बायका एकदम खळखळून हसल्या. त्या हसण्यात विमलाचं हसू त्यांना वेगळं ओळखू आलं.

"सकाळचा दे," भालचंद्र म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.