नानांच्या दुकानातली गुप्त माहिती

दुकानात एक गिऱ्हाईक चार फ्रॉक उलगडतं आणि एक घेतं. उरलेल्या तिनांच्या घड्या आम्ही घालत बसतो. आमचे किस्से त्या घड्या घालता घालताच जमलेत.

मी एरंडोलला लहान मुलांच्या कपड्यांच्या दुकानात कामाला आहे. आमच्या मालकांना, नानांना, गिऱ्हाईकाचं नाव, मोबाईल, लेकराचा वाढदिवस असं सगळं वहीत लिहायची भारी हौस! त्यात माझ्या परीचंही नाव. मध्यंतरी मला एका अनोळखी बाईचा फोन आला, "परीला तिसरं लागतंय ना? आमच्या नर्सरीत घाला की!" मी घाबरून फोनच ठेवला. हिला माझ्या लेकीचं वय कुठून कळलं? नानांच्या वहीतूनच असणार. तेव्हापासून तिचं नाव वहीतून काढायचं मनात होतं. पण नोकरी नवी, नानांना सांगणार कसं?

तेवढ्यात आमच्या गिऱ्हाईक असलेल्या एका वकीलबाईंनी नानांना नवा कायदा समजावला. विचारल्याशिवाय माहिती घ्यायची नाही, कुणी सांगितलं तर काढून टाकायची.

*

नानांनी लगेच संमतीचे फॉर्म छापले. 'हो' आणि 'नाही' असे दोन चौकोन. गिऱ्हाईकाला त्रास नको म्हणून सगळ्या फॉर्मवर 'हो'ची टिक स्वतःच करून ठेवली!

वकीलबाई म्हणाल्या, "मग सहीपण करून टाकायची ना!"

"तेवढी राहिली," नाना म्हणाले.

*

नंबर मोठ्याने विचारायचा नाही, असा हुकूम सुटला. मी एका आबांच्या कानाशी जाऊन हळूच विचारलं. आबांना कमी ऐकू येतं. त्यांनी अख्ख्या दुकानाला दोनदा नंबर ऐकवला.

मागची बाई म्हणाली, "बस करा आबा, मला पाठ झाला!"

*

जुन्या वह्या ठेवायच्या नाहीत म्हणून नानांनी पानं फाडून फ्रॉकच्या घडीत घालायला दिली. मी आधी परीचं पान शोधलं. नव्या वहीत होतं, वाचले!

दुसऱ्या दिवशी एक बाई घडीतला कागद नाचवत आली, त्यावर तिच्या नणंदेचं नाव आणि खरेदी. "ही ते मनी नणंद शे! पाच फ्रॉक लियात, अन् माले सांगे, औंदा वाढदिवस करत नही!"

नाना म्हणाले, "अक्का, फ्रॉक तर बरोबर बसला ना?"

*

शेवटी मी धीर केला. "नाना, माझ्या परीचं नाव काढा. मला भीती वाटते."

नानांनी चष्मा लावला, पान काढलं, तिच्या नावावर काळं होईपर्यंत पेन फिरवला. मला रडूच आलं.

मग त्यांनी ड्रॉवरमधून कोरी वही काढली. वर लिहिलं, 'नाव काढलेल्यांची यादी'. खाली परीचं पूर्ण नाव, माझा मोबाईल.

"नाना, हे काय?"

"अगं, फोन कोणाला करायचा नाही, हे माहीत नको का?" नानांनी पेन थांबवला. "वाढदिवस नऊ तारखेलाच ना?"