डिस्प्लेवर साठ टक्के, बॅटरीत वीस: मोटरहोमने वर्धा

माधुरीला संधिवात झाल्यापासून चार वर्षं आमचं फिरणं बंद होतं. हॉटेलातल्या गाद्या तिला सोसत नाहीत. शिवाय दर पंधरा दिवसांनी घ्यायचं तिचं इंजेक्शन दोन ते आठ डिग्रीतच ठेवावं लागतं. म्हणून दिवाळीनंतर आम्ही एक जुनं मोटरहोम घेतलं. टेम्पो ट्रॅव्हलरवर करून घेतलेलं आहे: मागे पलंग, छोटा ओटा, छोटा फ्रिज आणि छतावर सोलर पॅनल. पहिली लांबची फेरी कुठे, हे माधुरीनंच ठरवलं. कॉलेजात असताना ती वर्ध्याजवळ पवनारला शिबिराला गेली होती, तिला धाम नदी पुन्हा बघायची होती.

मार्चअखेरीस एका शुक्रवारी सकाळी सहा वाजता संभाजीनगर सोडलं. समृद्धी महामार्गावर गाडी ऐंशीच्या वर नेली नाही. रस्ता उत्तम, पण खाण्याची ठिकाणं विरळ. डबा आणि भरपूर पाणी बरोबर घ्या, आणि टायरची हवा निघण्याआधीच तपासा. आम्ही दर दीड तासानं थांबत होतो, कारण माधुरीचे गुडघे आखडतात. दुपारी चारला पवनारला पोचलो. नदीपासून जवळच एका शेतमालकानं कडुलिंबाखाली गाडी लावू दिली. पारा चाळिशीपार होता, तेव्हा सावली मिळाली याचाच आनंद.

मोटरहोम घेणाऱ्यांसाठी इथे थोडं सांगायला हवं. गाडीत दोन वेगळ्या बॅटऱ्या असतात. एक इंजिन सुरू करणारी, दुसरी आतलं घर चालवणारी. घराच्या बॅटरीवर पंखा, दिवे, पंप आणि फ्रिज चालतो. ती तीन प्रकारे चार्ज होते: उन्हावर, चालत्या इंजिनवर किंवा घरातल्या प्लगवर. किती टक्के उरली ते ओट्याशेजारच्या छोट्या डिस्प्लेवर दिसतं. आधीच्या मालकानं घरासाठी दोन बॅटऱ्या जोडल्या होत्या. त्या दोन्ही निकामी झाल्या होत्या, म्हणून मी त्या काढून एकच नवी बसवली होती. या बदलानंतर आणखी काही करावं लागतं, हे मला माहीतच नव्हतं.

शनिवार छान गेला. सकाळी नदीवर, मग आश्रमात. माधुरी बराच वेळ काठावर बसून होती. दुपारी पंखा लावून झोपलो.

रविवारी सकाळी दहाला माधुरी म्हणाली, "अहो, फ्रिजचा आवाज येत नाहीये."

मी डिस्प्ले बघितला. "साठ टक्के आहे. थंड झाला की तो आपोआप थांबतो."

थोड्या वेळानं ती पुन्हा म्हणाली, "लोणी मऊ पडलंय."

"सारखं दार उघडू नकोस, म्हणजे होणार नाही."

तिसऱ्यांदा तिनं फ्रिजमधला छोटा थर्मामीटर काढून माझ्यासमोर धरला. चौदा डिग्री. आत तिची दोन इंजेक्शनं होती, एक त्याच दिवशी घ्यायचं आणि एक पुढच्या पंधरवड्याचं.

मी घाबरलो, आणि घाबरलो की मी चिडतो. "पण साठ टक्के दाखवतंय ना!" मी ओरडलो.

शेतमालकाचे मित्र मेश्रामकाका तेवढ्यात भाजी न्यायला स्कूटरवरून आले होते. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्यांनी तीस वर्षं बॅटऱ्या सांभाळल्या होत्या, हे मला नंतर कळलं. ते दाराशी येऊन म्हणाले, "काऊन भांडून राह्यले, साहेब? काय झालं?"

मी सांगितलं. त्यांनी डिस्प्लेकडे पाहिलंसुद्धा नाही. "बॅटरी कितीची हाये?"

"दीडशे एएच." अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीची टाकी केवढी मोठी आहे ते.

"अन् या मीटरले किती सांगितली तुमी?"

मी सेटिंग उघडलं. तीनशे. आधीच्या मालकाच्या दोन बॅटऱ्यांचा आकडा तसाच राहिला होता.

"मंग बरोबर हाये. दोन दिवसांत एकशेवीस खाल्ले तुमी. सावलीत उभी गाडी, सोलर काय करन? तीनशेतले एकशेवीस गेले तर साठ टक्के उरते. दीडशेतले गेले तर किती?"

"वीस टक्के," माधुरी म्हणाली.

"हां, बाईले समजलं. फ्रिज बॅटरीले वाचवाले बंद पडला. इंजिन चालू करा अन् माह्यामागं या. घरी प्लग हाये."

इंजिन चालू केल्यावर काही मिनिटांत फ्रिज घुरघुरू लागला. स्कूटरच्या मागोमाग आम्ही सिंदी मेघेला त्यांच्या घरी पोचलो. काकूंनी काही न विचारता आपल्या फ्रिजात दह्याशेजारी इंजेक्शनांसाठी जागा केली. "ठेवा न इथं. अन् जेवल्याबिगर जाऊ देत नाई मी."

माधुरीनं डॉक्टरांना फोन लावला. थर्मामीटरवर सर्वांत जास्त नोंद सतरा डिग्रीची होती. डॉक्टर म्हणाले, आजचं आज घ्या. दुसरं मात्र ठेवू नका, परतल्यावर नवीन आणा. किती महाग असतं ते इथे लिहीत नाही. माधुरीनं तिथेच, काकूंच्या खोलीत, इंजेक्शन घेतलं. मी बाहेर ओसरीवर बसून होतो.

काकांनी बॅटरीची बुचं काढली आणि हायड्रोमीटरनं, म्हणजे आत तरंगता काटा असलेल्या काचेच्या नळीनं, प्रत्येक खान्यातलं पाणी तपासलं. काटा तळाशीच बसला, म्हणजे बॅटरी जवळपास रिकामीच. चार्जरही चुकीच्या प्रकारावर होता. जुन्या बॅटऱ्या जेलच्या होत्या, नवी पाण्याची. जेलच्या सेटिंगवर चार्जर १४.१ व्होल्टलाच थांबायचा, या बॅटरीला १४.४ लागतात. त्यामुळे ती नवी असून एकदाही पूर्ण भरली नव्हती. तुमच्या बॅटरीचा आकडा तिच्या कागदावरूनच घ्या, माझ्या ब्लॉगवरून नको.

"आता मीटरमंदी दीडशे भरा," काका म्हणाले. मी पुढे झालो, तर त्यांनी माधुरीला बोलावलं. "तुमी करजा. यायले आकडा दिसते, तुमाले फ्रिज आयकू येते."

तिनं सुजलेल्या बोटांनी सावकाश बटणं दाबली. जेवणात भाकरी, वांग्याचं भरीत आणि पन्हं होतं. गाडी सोमवारी सकाळपर्यंत प्लगवर राहिली.

सोमवारी केळझरच्या टेकडीवरच्या गणपतीला गेलो. उन्हाच्या आत, नऊच्या आधी जा. माधुरी वाटेत दोनदा बसली, पण वरपर्यंत चढली. त्यानंतर गाडी उन्हात लावायची आणि आपण सावलीत बसायचं, असं ठरवलं. बॅटरी निम्म्याखाली एकदाही गेली नाही. मंगळवारी घरी परतलो.

गाडीतल्या गैरसोयी मी विसरेन. त्या सकाळी माधुरी दोनदा बोलली आणि दोन्ही वेळा मी तिच्याऐवजी एका आकड्यावर विश्वास ठेवला, ते विसरणार नाही. हे मी तिला परतीच्या वाटेवर सांगितलं. ती म्हणाली, "गाडीतच नाही, घरीही करता."

परतल्यानंतरच्या शनिवारी सकाळी ती म्हणाली, मनगट दुखतंय. तिच्या रक्ताचा ताजा रिपोर्ट टेबलावरच होता, सगळे आकडे ठीक. मी तो उचलला नाही. तिच्याजवळ जाऊन बसलो आणि म्हणालो, "कुठे दुखतंय, दाखव."